चार इंच मागे

अर्लो स्टेंसरुडचे पाय आजोळचे होते आणि ट्रक बापाचा. या दोन घराण्यांचं आपसात कधी फारसं जमलं नव्हतं, आणि त्याचा ताजा पुरावा अर्लोच्या डाव्या गुडघ्यावर जांभळ्या रंगात उमटला होता.

बाप, म्हणजे सेल्मर, साडेपाच फुटांच्याही आतला माणूस. त्याचा त्रेपन्न सालचा हिरवा पिकअप ज्या कुणी आखला असेल, त्याने माप सेल्मरचंच घेतलं असावं. केबिनमध्ये आडवी एकसंध सीट, तिच्या पाठीला चिकटून पेट्रोलची टाकी, टाकीच्या पाठीला पत्रा. सीट मागे सरकवायची म्हटली तर पेट्रोलमध्ये सरकवावी लागणार. अर्लो सव्वासहा फुटांच्या वर. शिवाय दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा गुडघा बदललेला. नवा गुडघा किती अंशांत वाकेल हे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आणि क्लच दाबायला बरोबर त्याच्या पुढचे दहा-बारा अंश लागत होते. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, यात कुणाचा तरी खवचटपणा आहे असं अर्लोला वाटे. कुणाचा, हे तो रविवारी चर्चला जात असल्यामुळे बोलत नसे.

आता इतकं सगळं आहे तर ट्रक चालवायचाच कशाला? तर आईमुळे.

आई, बोर्गहिल्ड, एक्क्याण्णव वर्षांची. गावाच्या टोकाला वृद्धाश्रमात राहायची. ऑगस्टमधल्या एका रविवारी कॉफीचा कप खाली ठेवून ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सेल्मरचा ट्रक चालतो का रे अजून?"

त्यांच्या नॉर्डबी गावात कुणी कुणाकडे काही मागत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या भागात मागणं हे जवळजवळ चोरीत जमा आहे. माणसं एखाद्या वस्तूची चौकशी करतात, आणि समोरच्याने काय ते ओळखायचं असतं. अर्लोने ओळखलं.

"चालतो की. कुठे जायचंय?"

"मी कुठे म्हटलं जायचंय?" आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ऑक्टोबर अखेरीला चर्चचं जेवण असतं. मीठ पडायच्या आत असतं ते."

मीठ म्हणजे रस्त्यावरचं. पहिला बर्फ पडला की सरकारी गाड्या रस्त्यावर मीठ पसरतात, आणि ते मीठ जुनं लोखंड खाऊन टाकतं. त्यामुळे जुना ट्रक असलेला शहाणा माणूस पहिल्या बर्फानंतर तो एप्रिलपर्यंत बाहेर काढत नाही. आणि आईला एप्रिल दिसेल याची खात्री वृद्धाश्रमातली नर्सदेखील देत नव्हती. म्हणजे अर्लोकडे दोन महिने होते, आणि कमी पडत होते चार इंच. हे त्याने मोजून काढलं होतं.

गॅरेजचं दार उघडं ठेवून काम करणं ही त्याची पहिली चूक. त्या गावात उघडं गॅरेज म्हणजे आमंत्रण. पहिल्याच दिवशी शेजारचा ऑरिन हात खिशात घालून येऊन उभा राहिला. ऑरिनने आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला होता, त्यामुळे चाकांवरच्या कुठल्याही गोष्टीत त्याचा शब्द शेवटचा.

"मास्तर, गुडघा अडतोय कशाला? स्टिअरिंगला. मग स्टिअरिंग छोटं बसवा. पाय कापण्यापेक्षा ते बरं."

अर्लोला ते पटलं. मेव्हणा ड्वेन मोडक्या गाड्यांचं आवार चालवायचा. त्याने कुठल्याशा शर्यतीच्या गाडीचं बशीएवढं स्टिअरिंग आणून दिलं. गुडघा खरोखरच सुटला. पण जुन्या ट्रकचं स्टिअरिंग मोठं असतं ते शोभेसाठी नसतं, हे कोपऱ्यावर वळताना समजलं. अर्लोने जीव खाऊन फिरवलं, खांदा कट्कन वाजला, आणि ट्रक न वळता सरळ चर्चच्या हिरवळीवर चढून पाटीपासून एका हातावर थांबला. पाटीवर त्या आठवड्यात 'वाट चुकलेल्यांचे स्वागत असो' असं लिहिलेलं होतं.

पास्टर बाहेर आले. हिरवळीतल्या दोन काळ्या पट्ट्या पाहिल्या, बशीएवढं स्टिअरिंग पाहिलं, आणि म्हणाले, "हं. वेगळं आहे."

हे ऐकून अर्लोचे कान लाल झाले. नॉर्डबीत कुणी कशाला वाईट म्हणत नाही. स्वयंपाक करपला, सुनेने केस निळे केले, नव्या बँकेची इमारत तुरुंगासारखी झाली, तर लोक एवढंच म्हणतात, वेगळं आहे. यापुढची शिवी त्या गावाला ठाऊक नाही. चौतीस वर्षांत अर्लोला ती एकदाही मिळाली नव्हती. त्याच्या भूमितीत पोरांची अख्खी पिढी नापास झाली, तरी त्याला वेगळं कुणी म्हटलं नव्हतं.

जुनं स्टिअरिंग परत बसलं. बायकोने, मार्लिसने, खांद्याला मलम चोळलं.

"आईंना आपल्या गाडीतून नेलं तर?" ती म्हणाली. "गरम सीट आहे आपल्याकडे."

"तिला बापाच्या ट्रकमधून जायचंय."

"तसं म्हणाल्या त्या?"

"म्हणाली नाही. म्हणून तर जायचंय ना!"

मार्लिस त्याच मुलखातली. तिने पुढे वाद घातला नाही.

मग निघाली टाकी. ही कल्पना ड्वेनची. सीटमागची टाकी काढून टाकायची, मागच्या हौद्याखाली नवी बसवायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत सीट ढकलायची. "अर्ध्या दिवसाचं काम आहे भावजी," ड्वेन म्हणाला. ड्वेनचा अर्धा दिवस अकरा दिवस चालला. नवी टाकी बसली, आणि जुनी, आत उरलेल्या शिळ्या पेट्रोलसह, अंगणात गवतावर येऊन पडली. पेट्रोलला रंगाच्या दुकानासारखा वास येत होता.

धोकादायक कचरा घेणारं जिल्ह्याचं केंद्र पंचवीस मैलांवर. अर्लो टाकी घेऊन तिथे पोचला तेव्हा फाटकातला माणूस बाकावर सँडविच खात होता.

"टाकी रिकामी असेल तरच घेतो," तो म्हणाला.

"आतल्या पेट्रोलचं काय करू?"

"पेट्रोलही घेतो की. मान्यतेच्या डब्यातून आणा."

"मग डब्यात काढून आणतो संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळी बंद. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी उघडं असतं."

"आज शनिवारच आहे."

"तिसरा," माणूस म्हणाला, आणि अर्ध्या सँडविचचा कागद नीट घडी करू लागला. "मी सहज आलोय. घरी पाहुणे आहेत."

टाकी परत अंगणात. चौथ्या दिवशी नगर कार्यालयाचं पत्र आलं: आपल्या आवारात रस्त्यावरून दिसेल अशी एक निकामी वस्तू आहे, ती दहा दिवसांत हलवावी. अर्लोच्या नावाने असलं पत्र आयुष्यात आलं नव्हतं. त्याने ते दोनदा वाचलं, शुद्धलेखनाची एक चूक पेन्सिलीने दुरुस्त केली, टाय बांधला, आणि कार्यालयात गेला. खिडकीपलीकडे रूथॅन. सत्त्याऐंशी सालची विद्यार्थिनी. प्रमेय सिद्ध करताना 'दिसतंच आहे' असं लिहून मोकळी होणारी.

"सर! बसा ना. पाय कसा आहे?"

"बरा आहे. ही टाकी पुढच्या महिन्यापर्यंत ठेवायला मुदत हवी होती." खरं तर त्याने तसं म्हटलंच नाही. तो म्हणाला, "पुढचा महिना काही फार लांब नाही, नाही का?"

रूथॅनने ओळखलं. यादी काढली, बोट फिरवलं. "सर, मुदतीचा रकानाच नाही यात. निकामी वाहन आहे, निकामी यंत्र आहे, सोफा आहे. टाकी नाही. पाण्याची म्हणून लिहू का? पण मग तिला कुंपण लागेल." तिने थोडा विचार केला. "वर फुलझाडं ठेवलीत तर ती शोभेची वस्तू होते. शोभेच्या वस्तूला काही लागत नाही."

"रूथॅन, ती पेट्रोलची टाकी आहे."

"दिसतंच आहे सर," ती म्हणाली.

अशा रीतीने निवृत्त शिक्षक अर्लो स्टेंसरुड यांनी आपल्या हाताने पेट्रोलच्या टाकीवर शेवंतीच्या चार कुंड्या मांडल्या. चर्चला जाणारे लोक गाडी हळू करून बघत. काचा बंद असायच्या, पण ओठांच्या हालचालीवरून काय म्हणतायत ते कळायचं.

केबिनमधून टाकी निघाली तरी सीट चार इंच मागे गेलीच नाही. केबिन मागच्या बाजूला गोलाईने निमुळती होत होती, आणि ती लांबलचक सीट दोन बोटं सरकून दोन्ही टोकांना अडकली. हे आधी मोजायला हवं होतं. अर्लो मोजपट्टी हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. ज्याने आयुष्यभर इतरांच्या वहीत लाल शाईने 'आकृती काढली नाही' असं लिहिलं, त्याने आकृती काढली नव्हती.

"दोन सुट्या सीटा टाका भावजी," ड्वेन म्हणाला. "माझ्याकडे अपघातातल्या एका व्हॅनच्या आहेत. मखमली. मध्ये एक पेटी बसवू, कप ठेवायला. म्हातारी खूश होईल."

सीटा बसल्या. चार इंच मिळाले, खरं तर साडेचार. अर्लोने क्लच दाबला आणि गुडघा कुठेही न आपटता पाय सरळ गेला. त्या क्षणी त्याला इतकं बरं वाटलं की त्याने ड्वेनला मिठी मारायचा विचार केला, आणि त्याऐवजी "ठीक वाटतंय" असं म्हटलं. एकच होतं, नव्या सीटा उंच होत्या. डोकं छताला लागायचं, म्हणून मान डावीकडे कलती ठेवावी लागायची. समोरून येणाऱ्यांना वाटे की मास्तर काही तरी ऐकतायत.

उरली जुनी सीट. ती गॅरेजच्या माळ्यावर ठेवायची असं अर्लोने ठरवलं होतं. तेवढ्यात ऑरिन आला.

"चांगली आहे अजून," सीटवर हात फिरवत तो म्हणाला. मग बसून पाहिलं. "स्प्रिंगा शाबूत आहेत हो."

एखाद्याने वस्तूची दोनदा स्तुती केली की ती देऊ करावी लागते. "घेऊन जा मग," अर्लो म्हणाला.

"छे छे! मला काय करायचीय?"

"अरे ने रे. पडून राहील इथे."

"नको नको. तुमच्या वडिलांची आहे."

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. दोन नकार झाले होते; तिसऱ्यांदा देऊ केलेली वस्तू मात्र तिथे घ्यायची असते. आता अर्लोने गप्प बसायला हवं होतं. पण तोंडाला मास्तरकीचं चौतीस वर्षांचं वळण. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय ते मिटेना. "खरंच ने, ऑरिन."

"बरं, एवढं म्हणताय तर," ऑरिन म्हणाला, आणि सीट उचलून घेऊन गेला. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावर ओढत न्यायचं त्याचं मासेमारीचं खोपटं मागच्या अंगणात चाकांवर उभं होतं. त्यात त्याने ती सोळा स्क्रूंनी जमिनीला ठोकली. अर्लोला स्क्रूंचे आवाज गॅरेजमध्ये ऐकू आले, आणि त्याला उगीचच उदास वाटलं.

चर्चच्या जेवणाला दोन दिवस उरले असताना, गुरुवारी, तो ट्रक घेऊन वृद्धाश्रमात गेला. आईला नुसती एक चक्कर. आईने चांगला कोट घातला होता. नर्सने तिला धरून दाराशी आणलं. तिने आत पाहिलं. मखमली सीटा पाहिल्या, मधली कप ठेवायची पेटी पाहिली. बराच वेळ पाहिली.

"आवडलं?" अर्लोने विचारलं.

"हं," आई म्हणाली. "वेगळं आहे."

तिला त्याने उचलून आपल्या उजवीकडे, खिडकीजवळच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. ती दाराशी अंग चोरून बसली. ट्रक निघाला. फाटकाबाहेर पडून वेग आला तसा त्याने क्लच दाबला, आणि आईचा डावा हात उठला.

तो हात सवयीने उठला होता. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. हात पुढे आला, गिअरच्या दांड्याकडे गेला, पेटीच्या कडेवर आपटला आणि तिथेच पडून राहिला. दांडा वीतभर लांब होता. आईने हाताकडे पाहिलं, तो मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकला.

मग अर्लोला आठवलं. लाज वाटावी इतकं स्पष्ट आठवलं. एकसष्ट साली मक्याच्या यंत्राने सेल्मरच्या उजव्या हाताची चार बोटं नेली होती. त्यानंतर तो ट्रक चालवायचा तो अर्धाच. स्टिअरिंग आणि क्लच त्याचे, गिअर आईचा. ती मध्ये बसायची, त्याला चिकटून, दांडा गुडघ्यांपाशी. तो क्लच दाबायचा आणि ती काही न विचारता गिअर टाकायची. तीस वर्षं, तो जाईपर्यंत. आणि लहानगा अर्लो खिडकीपाशी काचेला नाक लावून बाहेर बघायचा. नेमका बाहेरच बघायचा. मधल्या जागेत काय चाललंय हे कधी पाहण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्याने या ट्रकमधला इंचन् इंच मोजला होता, आणि आईची जागा काढून तिथे कप ठेवायची पेटी बसवली होती.

"गाडी छान चालते," आई उतरताना म्हणाली. "शनिवारी तुमच्या त्या दुसऱ्या गाडीतून गेलं तरी चालेल. गरम सीट आहे म्हणे."

शुक्रवारी सकाळी अर्लो ऑरिनकडे गेला. ऑरिनने कॉफी ओतली. दोघं खिडकीबाहेर बघत बसले.

"आभाळ खाली आलंय," ऑरिन म्हणाला.

"हो. तुझ्या खोपटात दमट होत असेल."

"नाही हो. कोरडं खडखडीत आहे."

"जुन्या सीटांना ओल लागते पण."

"नाही लागत. काय मस्त बसते हो पाठ! मी तर रोज जाऊन बसतो."

अर्लोने दुसरी कॉफी घेतली. हवेविषयी, मक्याविषयी, पास्टरांच्या हिरवळीविषयी बोलून झालं. तिसरी कॉफी आली. अर्लोच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्याने कप खाली ठेवला आणि जे त्याच्या घराण्यात, आजोळी नाही आणि वडिलांकडेही नाही, कुणी कधी केलं नव्हतं ते केलं.

"ऑरिन, मला ती सीट परत दे."

ऑरिनची बायको नळ बंद करून वळून पाहू लागली. ऑरिनचा चेहरा पडला. समोर कुणी कपडे काढून उभं राहावं तसा तो ओशाळला.

"आईची जागा आहे ती," अर्लो म्हणाला. त्याचा आवाज फुटला, आणि तेही सगळ्यांना ऐकू आलं.

ऑरिन उठला, ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बाहेर गेला. सोळाही स्क्रू त्याने स्वतः काढले. पंधराव्याला बाहेर बर्फ सुरू झाला.

शनिवारी सकाळी रस्ते पांढरे होते आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर मीठ पडलं. मार्लिस गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. आत अर्लो जुनी सीट ठोकत होता. टाकी नव्हती, म्हणून ती पूर्वीपेक्षा दोन बोटं मागे बसली. दोन बोटांनी त्याच्या गुडघ्याचं काही भलं होणार नव्हतं.

"अरे, मीठ पडलंय," ती म्हणाली.

"पाहिलं मी."

"तळ सडेल. वर्षा-दोन वर्षांत भोकं पडतील त्याला."

"पडू देत."

"आणि गुडघा?"

अर्लोने पुढचा स्क्रू आवळायला घेतला. मार्लिस आत गेली आणि बाहेर येताना आईसाठी घोंगडी घेऊन आली.

आईने वृद्धाश्रमाच्या दारातून ट्रक पाहिला, मग रस्ता पाहिला. मीठ कशाला म्हणतात हे तिला सांगायची गरज नव्हती. अर्लोने तिला उचललं तेव्हा ती स्वतःच सरकत सरकत मध्ये आली, दांडा गुडघ्यांपाशी घेतला, आणि तिचा खांदा त्याच्या दंडाला टेकला. अर्लो आत बसला. डावा गुडघा स्टिअरिंगला घट्ट रुतला. त्याने क्लच दाबला आणि कळ थेट मणक्यापर्यंत गेली.

"पहिला," आई म्हणाली, आणि टाकला.

"पाय मावतात ना रे तुझे?" मग तिने विचारलं.

"मावतात की."

मुख्य रस्त्यावर लोक थांबून बघत होते. सत्तर वर्षं जपलेला ट्रक मिठाचा चिखल उडवत चालला होता, आत मास्तर गुडघे छातीशी घेऊन बसले होते, आणि एक म्हातारी गिअर टाकत होती. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर ऑरिन उभा होता. त्याच्या शेजारचा माणूस काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते अर्लोला काचेतूनही कळलं. ऑरिनने मात्र हात खिशातून काढला आणि एक बोट वर केलं. त्या गावात याला सलाम म्हणतात.

चर्च दोन चौक पुढे, उजवीकडे होतं. तिथवर फार तर चारदा क्लच दाबावा लागला असता. अर्लोने ओठ आवळले आणि डावीकडे वळला, तळ्याच्या रस्त्याला. तो नऊ मैल लांबून जातो आणि चढउताराचा आहे; तिथे सारखे गिअर बदलावे लागतात.